दार कसं उघडतं?

आमच्या दुकानाच्या काउंटरवर आता एक पाटी आहे: 'ओळखपत्राशिवाय किल्ली करून मिळणार नाही.' पाटी सुनेनं लावली. अक्षर तिचंच आहे आणि चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पाटीबद्दल होती. ती मी महिनाभर सकाळी दुकान उघडताना एकदा आणि संध्याकाळी बंद करताना एकदा, न चुकता केली.

दुकान माझ्या नवऱ्यानं काढलं. दारांना कुलपं बसवायची, बिघडलेली दुरुस्त करायची आणि किल्लीवरून किल्ली कापून द्यायची, एवढाच धंदा. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला नाव विचारलं नाही. गिऱ्हाईक किल्ली पुढे करायचं, हे ती बोटांत फिरवायचे आणि विचारायचे, "दार कसं उघडतं?"

बास, एवढंच. कारण दाराला खोड असतेच. कुणाचं दार जरा वर उचलावं लागतं, कुणाचं गुडघ्यानं रेटावं लागतं, कुठे किल्ली पूर्ण आत घालून केसभर मागे ओढल्याशिवाय फिरत नाही. घरात राहणारा माणूस हे विचार न करता सांगतो, आणि सांगता सांगता त्याचा हात हवेत फिरतो. हे त्या हाताकडे बघायचे. ज्याचा हात जागचा हलला नाही त्याला सांगायचे, "या मापाची कोरी किल्ली संपलीय, पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यात तो माणूस यायचा नाही.

हे गेले आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. किल्ल्या मी त्यांच्या हयातीतही कापत होते, पण प्रश्न त्यांचा होता. आता तोही मी विचारायला लागले. खरं सांगायचं तर तो प्रश्न तोंडातून निघाला की मला ते शेजारी बसलेत असं वाटायचं. दिवसातून दहा-बारा गिऱ्हाइकं यायची, म्हणजे दहा-बारा वेळा ते यायचे. आता हे सुनेला कुठल्या तोंडानं सांगू? तिला वाटतं, सासूला नवीन काही नको असतं.

सुनेची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी एकतर्फी बोलते. दीड वर्षापूर्वी एक माणूस आला. नीटनेटका, बोलायला साखर. मी विचारलं, "दार कसं उघडतं?" तो म्हणाला, "आधी दार स्वतःकडे ओढून धरायचं, मग किल्ली फिरवायची, नाहीतर अडकते." हात फिरला. अगदी सरावाचा हात. मी किल्ली कापून दिली. चार दिवसांनी एक बाई दुकानात आली आणि त्याच किल्लीसारखी किल्ली तिनं काउंटरवर ठेवली. तो तिचा नवरा होता, वेगळा राहायला लागून वर्ष झालं होतं. ती कामावर असताना तो घरात शिरला आणि होतं नव्हतं ते फोडून गेला. ती मला रागावली नाही, नुसतं म्हणाली, "तो तिथे राहतो का, एवढं तरी विचारायचं होतंत, काकू."

दार कसं उघडतं ते त्याला माहीत होतंच. सहा वर्षं उघडत होता.

सुनेनं तिला पाणी दिलं, तिच्या घरी जाऊन नवं कुलूप बसवून दिलं, आणि परत येताना रजिस्टर विकत आणलं. पुढे व्यापारी संघानंही नियम केला, की किल्ली करणाऱ्या प्रत्येकानं ओळखपत्र बघायचं, त्याचा नंबर, पत्ता आणि फोन लिहून ठेवायचा. सुनेचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग यायचा.

तर तो मंगळवार होता, साडेअकरा वाजले असतील. एक गृहस्थ आले. वय अठ्ठ्याहत्तर-ऐंशी, ताठ चाल, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पाटी वाचली, पाकिटातून ओळखपत्र काढलं आणि सुनेपुढे धरलं. धरण्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. दोन बोटांत कडेला पकडलेलं, फोटोवर अंगठा नाही, अक्षरं बघणाऱ्याच्या बाजूला.

"वा, आजोबा," सून म्हणाली, "असं कार्ड कुणी दाखवत नाही हो. लोक कसं फेकतात माहितेय?"

"पस्तीस वर्षं बसमध्ये चेकर होतो," ते म्हणाले. "लोकांना पास कसा धरायचा ते शिकवण्यात जन्म गेला. अंगठा काढा, अंगठा काढा! घरीसुद्धा कुणी वर्तमानपत्र पुढे केलं तरी माझ्या तोंडून तेच निघायचं."

सून हसली आणि रजिस्टरात लिहायला लागली. मग त्यांनी पँटच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली किल्ली काढली. पितळी, लांब दांड्याची, दात झिजून गुळगुळीत झालेले आणि मान इतकी बारीक झालेली की उजेडाला धरली तर वाकलेली दिसत होती.

"ही बायकोची. माझी हरवली," ते म्हणाले. "हिच्यावरून करून द्या, पण आत्ताच. ही कुलपात घातली तर मोडेल अशी भीती वाटते. एक वाजायच्या आत मिळाली तर बरं होईल."

एक वाजायच्या आत कशाला, हा प्रश्न मनात आला. पण आधी माझा नेहमीचा प्रश्न. सुनेनं डोळे फिरवले. फिरवू दे.

"दार कसं उघडतं?"

त्या माणसाचा चेहरा जो उजळला तो काय सांगू! कुणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून ते वर्षानुवर्षं थांबले होते जणू.

"आमच्या दाराची मजा आहे," ते म्हणाले. "कुलूपच उलटं आहे. किल्लीचे दात खाली नाही, वर धरायचे. आणि सगळं जग जिकडे फिरवतं त्याच्या उलट फिरवायची. पावणेदोन फेरे. शेवटी एक खट् आवाज होतो, आणि त्याच्या मागोमाग बारीक टिक्. ती टिक् ऐकू आली की मगच दार ढकलायचं. ढकललं की आतून, स्वयंपाकघरातून आवाज येतो, 'किल्ली काढलीत का दारातून?' मी म्हणतो, 'काढतो गं.' आणि विसरतो. मग तीच येऊन काढते."

त्यांचा हात हवेत उलटा फिरला होता आणि तिथेच थांबला होता.

ते कुलूप मला ठाऊक होतं, आणि ते कुलूप त्या क्षणी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, काउंटरच्या खालच्या खणात होतं.

ते तिथे कसं आलं ते सांगायला पाहिजे. माझा मुलगा जन्मला त्या दिवशी हे एका नव्या गिऱ्हाइकाच्या घरी कुलूप बसवायला गेले होते. दवाखान्यातून निरोप गेला तेव्हा जुनं कुलूप उतरवून झालेलं, दार तसंच सताड उघडं टाकून येता येईना. घाईघाईत पिशवीतून कुलूप काढलं, ते निघालं उजवीकडे उघडणाऱ्या दाराचं, आणि दार होतं डावीकडे उघडणारं. बदलून आणायला वेळ कुठला? उलटं करून ठोकलं आणि धूम पळत दवाखान्यात आले. कपाळाला लाकडाचा भुसा लागलेला, आणि पोराला घेऊन पहिलं वाक्य काय, तर "अगं, मी कुलूप उलटं बसवून आलो!" दुसऱ्या दिवशी नीट करायला गेले तर त्या घरची बाई म्हणाली, "राहू दे की. आमच्या ह्यांना कुठल्याही घराचं दार आपलंच वाटतं. निदान किल्ली उलटी फिरली की कळेल, घर आलं." उभ्या जन्मात उलटं बसवलेलं तेवढं एकच कुलूप. मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला त्याची गोष्ट निघायची आणि हे दर वेळी नव्यानं लाजायचे.

आणि दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबानं विकत घेतलेल्या घराचं कुलूप बदलायला मला बोलावलं. दारात उभी राहिले आणि बघतच राहिले. कुलूप उलटं. घाईत मारलेला एक स्क्रू तिरका. नव्या मालकीणबाई म्हणाल्या, "हे भंगार टाकून द्या हो, उघडतच नाही नीट." मी काढलं, पिशवीत घातलं, आणि भंगारात काही टाकवलं नाही. सुनेनं दोनदा विचारलं, हे कशाला ठेवलंय? मी म्हटलं, सुट्या भागांसाठी.

म्हणजे घर विकलं गेलं होतं. आणि हे गृहस्थ समोर उभे राहून सांगत होते की ते तिथे राहतात.

"सध्या तिथेच असता?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"आई, पत्ता जुळतोय," सून म्हणाली. "नंबर लिहिला, फोन लिहिला. द्या करून."

बघा गंमत. कार्ड म्हणत होतं घर त्यांचं. माझा प्रश्न म्हणत होता घर त्यांचं. सुनेची परीक्षा पास, माझी पास, आणि घरात माणसं दुसरीच राहत होती. तेव्हा मला त्या साखरबोल्याची आठवण आली. त्याच्याही कार्डावर बायकोच्याच घराचा पत्ता असणार! वर्षभरात कोण जाऊन कार्ड बदलतं? रजिस्टर तेव्हा असतं तरी त्यात त्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं असतं आणि किल्ली त्याला मिळाली असती. पण हे सुनेला सुनवावंसं त्या क्षणी मुळीच वाटलं नाही. चूक एकदा झाली होती, कानाला खडा लावला होता. आणि तरी त्या माणसाला सुनेसमोर खोटं पाडायला जीभ उचलेना.

"रजिस्टरचं पेन नीट उमटत नाहीये," मी सुनेला म्हटलं. "कोपऱ्यावरून नवं घेऊन ये."

"उमटतंय की."

"मला दिसत नाहीये उमटलेलं. जा."

ती गेली. जाताना माझ्याकडे एकदा आणि आजोबांकडे एकदा बघून गेली. पोर हुशार आहे.

मी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. आणि आता ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ते घर विकलंय ना?"

ते बसले नाहीत. वरच्या खिशातली पेनं काढली, पुन्हा लावली. मग बसले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आधी तुम्ही सांगा. एक वाजायच्या आत का पाहिजे किल्ली?"

"दीड ते तीन घर रिकामं असतं," ते अगदी हळू म्हणाले. "समोरच्या बसथांब्यावर बसून बघितलंय. तीन महिने बघतोय. ती बाई कामावर जाते, मुलांची शाळा सुटायला तीन वाजतात." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही! मी कशालाही हात लावणार नाही. दार उघडणार, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दोन मिनिटं बसणार आणि निघणार. किल्ली बाहेर आल्यावर गटारात टाकून देईन, तुमची शपथ."

"आणि त्या बाई मध्येच आल्या तर? चोर म्हणून धरतील तुम्हाला. या वयात."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, बाई," ते म्हणाले. "बायको जाऊन अडीच वर्षं झाली. ती दवाखान्यात गेली तेव्हा दार मीच लावलं. परत आलो तर लेक म्हणाली, बाबा, एकटे नका राहू. बरोबरच म्हणाली. सही मीच केली, कुणी हात धरून करून घेतली नाही. लेकीकडे सगळं छान आहे. माझी वेगळी खोली आहे. पण तिथे मी दार उघडतो ना, तेव्हा काहीच होत नाही. कडी काढली की दार उघडतं, बास. चौतीस वर्षं ती टिक् ऐकली, आणि टिक्‌नंतर तिचा आवाज. आता मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. चेहरा आठवतो, फोटो आहेत. आवाज येत नाही. मला वाटलं, ती टिक् एकदा ऐकली तर मागोमाग आवाज येईल."

आमच्या घराचं दार लोण्यासारखं उघडतं. कुलूपवाल्याचं घर ते, त्याला खोड कुठून असणार! हे होते तेव्हा मला त्याचा अभिमान होता. हे गेल्यापासून रोज संध्याकाळी दार उघडताना वाटतं, जरासं अडलं असतं, एखादी शिवी घालावी लागली असती, तर त्यांची आठवण काढायला निमित्त झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी काही बिघडवून ठेवलंच नाही. माणसानं एवढंही चांगलं काम करू नये.

मी खाली वाकले, खण ओढला आणि कुलूप काउंटरवर ठेवलं.

त्यांना ते ओळखायला अर्धा क्षणही लागला नाही. पण हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिले.

"दोन वर्षांपूर्वी मीच काढलं ते," मी म्हटलं. "तिथे आता नवं आहे. ही किल्ली मी करून दिली असती तरी तुमचं दार उघडलं नसतं. आणि हे बसवलं होतं माझ्या नवऱ्यानं."

"ते?" ते म्हणाले. "पोरगा झाला म्हणून पळाले ते? हातोडी विसरून गेले होते आमच्याकडे! दुसऱ्या दिवशी आले तर बायकोनं साखर दिली होती हातावर. वहिनी, तुम्ही त्यांच्या..."

"हो."

मग बराच वेळ आम्ही दोघं त्या कुलपाकडे बघत बसलो. मला वाटतं, दोघंही वेगवेगळ्या माणसांकडे बघत होतो. शेवटी मीच ते उचललं, उलटं केलं आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. "घाला किल्ली," मी म्हटलं. "बायकोचीच घाला. हळू फिरवा, मोडत नाही."

त्यांनी दात वर केले, किल्ली आत सरकवली. उलटी फिरवली. एक फेरा, मग पाऊण. खट् झालं, आणि त्याच्या मागोमाग टिक्.

ते डोळे मिटून उभे राहिले. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी श्वास धरला होता, माझाच मूर्खपणा.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. "नाही आला," म्हणाले.

सून दारात उभी होती. हातात पेन. केव्हापासून उभी होती देव जाणे.

ती आत आली, काउंटरमागे गेली आणि रजिस्टर उघडलं. मला वाटलं आता आजोबांची उलटतपासणी होणार. तिनं पत्त्यावर एक रेघ मारली आणि विचारलं, "आजोबा, हा फोन तुमचा की मुलीचा?"

"लेकीचा. माझा आज घरीच ठेवून आलोय. नाहीतर ती सारखी विचारते कुठे आहात."

"मग मी तिला कळवते. ती शोधत असेल."

रजिस्टराचा एक उपयोग मी त्या दिवशी मान्य केला. मनातल्या मनात.

लेक अर्ध्या तासात आली. चाळिशीची, परिचारिकेच्या पोशाखातच, ड्युटी अर्धी टाकून. दारातूनच म्हणाली, "बाबा, सांगून तरी जायचं. तीन दवाखान्यांत फोन केलेत मी." मग तिला काउंटरवरचं कुलूप दिसलं आणि ती गप्प झाली. तिच्या गप्प होण्यावरून मला कळलं की त्या घराचा विषय यांच्यात निघत नाही. विकलं हिनं, सही यांची, आणि दोघंही एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून तोंडाला कुलूप लावून बसलेले.

"तुम्हीच सही केली होतीत ना, बाबा," एवढंच म्हणाली.

"केली ना. नाही कोण म्हणतंय?"

म्हटलं, आता आपणच तोंड घातल्याशिवाय काही होत नाही. "हे बघ, बाळ," मी म्हटलं, "हे कुलूप यांच्या हातात दिलं तर हे ते उशाशी घेऊन बसतील. कुलूप दाराला शोभतं. तुझी हरकत नसेल तर यांच्या खोलीच्या दाराला लावून देते."

"लावा," म्हणाली. "पण आतून कडी लावायची नाही म्हणावं त्यांना."

बायकोची किल्ली रोज वापरली तर खरंच मोडली असती, म्हणून मी तिच्यावरून नवी कापली. सुनेनं रजिस्टर पुढे ओढलं. नवा रकाना होता: कोणत्या दाराची किल्ली.

"आई, काय लिहू? या कुलपाला दारच नाही."

"तसंच लिही."

तिनं लिहिलं, 'दार: सध्या नाही.' व्यापारी संघाचे लोक तपासायला आले तर काय सांगायचं ते तिचं ती बघेल.

रविवारी आम्ही दोघी गेलो. तिसरा मजला, जिना चढताना माझे गुडघे बोलत होते आणि हत्यारांची पिशवी सुनेच्या खांद्यावर होती. खोली खरंच छान होती. खिडकी, पलंग, टेबलावर बायकोचा फोटो. मी आधी दाराकडे बघितलं. दार डावं निघालं. म्हणजे कुलूप पुन्हा उलटंच बसणार. उजवं असतं तर ते बापडं सुलटं बसलं असतं, आणि मग मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

भोकं सुनेनं पाडली, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. कुलूप मी बसवलं. स्क्रू आवळताना शेवटचा मी मुद्दाम जरा तिरका मारला. तिनं बघितलं.

"आई, तिरका गेला."

"तो तसाच जातो."

नंतर जिन्यात म्हणाली, "आपल्या बाबांचा होता ना तो?" पण ते नंतर.

आजोबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसले होते. त्यांना आम्ही बाहेर काढलं, दार ओढून घेतलं. लेक स्वयंपाकघरात आमच्यासाठी चहा टाकत होती. तिला मी बोलावलं होतं, बघायला ये म्हणून. ती म्हणाली, दूध उतू जाईल. मला माहीत होतं, दुधाचं निमित्त होतं.

"हं, उघडा," मी म्हटलं.

त्यांनी नव्या किल्लीचे दात वर केले. हाताला वाट माहीत होती. उलटा एक फेरा, मग पाऊण. खट्. टिक्.

दार ढकलून ते आत गेले. खोलीत कुणी नव्हतं, असणार कोण? दोन पावलं टाकून ते फोटोसमोर उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. किल्ली दारातच राहिली, हलत. मी सुनेकडे बघितलं, सून माझ्याकडे. किल्ली काढा असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं, पण ते वाक्य माझं नव्हतं, म्हणून मी मिटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजातून, लेकीचा आवाज आला. सवयीनं यावा तसा, जरासा वैतागलेला.

"किल्ली काढलीत का दारातून?"

आणि भांड्यांचा आवाज एकदम थांबला. तिचं तिलाच कळलं होतं आपण काय बोललो ते. लहानपणापासून त्या टिक्‌नंतर तिनं हेच ऐकलं होतं, दुसरं काही यायचं कसं तोंडातून? ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात चमचा, डोळे भरलेले.

आजोबा वळले नाहीत. खांदे मात्र हलत होते. मला पाठच दिसत होती, पण आवाज स्वच्छ ऐकू आला.

"काढतो गं," ते म्हणाले.

काढली मात्र नाही. तीच आली, आणि तिनं काढली.